शेपटीकडून विमान, तोंडाकडे मेंढरं

वारा: नाही.

मित्रांनो, मी एक बाही आहे. जुनी आहे, आणि कुणाच्या सदऱ्याची नाही. विमानवाले मला विंडसॉक म्हणतात आणि उंच खांबावर टांगतात. वारा भरला की मी आडवी होते. माझं रुंद तोंड वाऱ्यासमोर, निमुळती शेपटी वारा जाईल तिकडे. एवढंच मला येतं. आता मी एका तट्टाच्या पाठीवर लोंबते आणि माझी शेपटी काळ्या लोकरीनं शिवून बंद केलेली आहे. मी तीन ठिकाणी फाटलेली आहे, तेव्हा गोष्टही तुकड्यांनीच येईल.

वारा: पश्चिमेचा, हलका.

जन्म झरी गावचा, भागवत टेलरच्या दुकानातला. मंडपाचं भगवं-पांढरं कापड होतं, त्याला अजून जेवणावळींचा वास होता. बजरंगनं कागदावर माप काढून आणलं होतं. भागवतनं कागद उलटा धरला, सुलटा धरला.

"एवढी मोठी बाही? हात कुणाचा हाय ह्यो?"

"वाऱ्याचा," बजरंग म्हणाला.

"मग मापाला त्यालाच घिऊन यायचं की दुकानात."

तेव्हापासून माझं नाव बाही. बजरंग शहरात नोकरी करायचा. विमान चालवायचा परवाना त्यानं हौसेनं काढला होता. शनिवार-रविवार गावाकडे यायचा आणि वडिलांच्या माळावर दोन माणसांचं लहानसं विमान उडवायचा. पहिल्या दिवसांत तो चहाचा कप हातात घेऊन माझ्याकडे बघत उभा राहायचा. मला वाटायचं, मी नसते तर याचं काय झालं असतं?

वारा: पश्चिमेचा, भरपूर.

ही माझी चांगली वर्षं. माळावर मल्हारी आणि त्याची बायको बानूबाई यांची मेंढरं चरायची. सुगी सरली की त्यांचा कळप बजरंगच्या शेतात बसायचा, शेताला खत व्हायचं, आणि त्या बदल्यात माळ मेंढरांना मोकळा. धावपट्टीवरचं गवतही तीच खायची. पाहुणे आले की बजरंग सांगायचा, "ह्या आमच्या गवत कापायच्या मशीन. डिझेल लागत नाही."

पण विमान उतरायचं म्हणजे पट्टी रिकामी हवी. त्याची एक रीत पडली. उतरण्याआधी बजरंग माझ्या खांबाभोवती एक फेरा मारायचा. फेरा दिसला की मल्हारी माझ्याकडे बघायचा. विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरतं, म्हणजे माझ्या शेपटीच्या बाजूनं येतं आणि पट्टीच्या तोंडाकडच्या टोकाला पोचायच्या आधी थांबतं. हे मल्हारीला कुणी शिकवलं नाही. चार रविवार बघून त्यानं ठरवलं: शेपटीकडून विमान, तोंडाकडे मेंढरं. कळप तोंडाकडच्या टोकाला नेला की निर्धास्त.

"शाळंत गेले असते तर मास्तर झाले असते तुमी," बानूबाई म्हणायच्या.

"मेंढरांनी रजा दिली असती तर गेलो असतो."

वारा: आहे, पण कुणी बघत नाही.

मग बजरंगच्या मोबाइलवर वारा दिसायला लागला. तो चहाचा कपही मोबाइलकडे बघतच संपवू लागला. माझी शिवण उसवली, ते त्याला दिसलं नाही. बानूबाईंना दिसलं. त्यांनी मल्हारीला खांबावर चढवलं, मला खाली घेतलं, काळ्या लोकरीचे टाके घातले.

"मालकाची वस्तू हाय. मालक बघंल की," मल्हारी म्हणाला.

"मालकाची आसंल. मेंढरं आपली हायत."

वारा: सकाळी पश्चिमेचा, दुपारनंतर उगवतीचा.

माघातला रविवार. दिवस छान गेला, हे मला कबूल केलं पाहिजे. बजरंगनं पुण्याहून मेहुणी आणली होती, मनिषा. सकाळी तिला चारठाण्याच्या देवळांवरून फिरवून आणलं. दुपारी सोनपेठच्या बाजूला गोदावरी दाखवली. मधे विमानाच्या शेडमध्ये हुरडा झाला, दही झालं, फोटो झाले. बजरंग इतका खूश मी कधी पाहिला नव्हता. मनिषाला आणखी एक चक्कर हवी होती, मावळतीच्या उजेडातली.

खाली माळावर बानूबाई गाभण मेंढ्यांच्या मागं सावकाश चालत होत्या. आदल्या पावसाळ्यात रोगानं अर्धा कळप नेला होता. आता पंधरवड्यात मेंढ्या विणार होत्या. त्या कोकरांवर कळप पुन्हा उभा राहणार होता. नाहीतर नाही.

संध्याकाळी विमान परत आलं आणि खांबाभोवती फेरा मारला. मल्हारीनं माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड उगवतीला, शेपटी मावळतीला. खोटं मला येतच नाही. त्यानं कळप उगवतीच्या टोकाला नेला, काटेरी तारेच्या कोपऱ्यात.

विमान उगवतीकडून आलं.

(इथे वीतभर फाटलंय.)

त्याला उतरायचं नव्हतंच. फेरा व्हिडिओसाठी होता. बानूबाईंची लेक बबिता हिच्या मोबाइलवर तो व्हिडिओ मी नंतर ऐकला. इंजिनाच्या आवाजातून मनिषा ओरडते, "दाजी, समोर सूर्य, खाली मेंढ्या. अजून खाली घ्या ना." बजरंग विचारतो, "पळवू का जरा?" मग दोघांचं हसणं.

मेंढरं पळाली. कोपऱ्यात पळायला जागा नव्हती. पुढच्या मेंढ्या तारेवर गेल्या, मागच्या त्यांच्यावर चढल्या. पोटं दबली.

मग विमानानं दुसरा फेरा घेतला. या खेपेला बजरंगनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, नीट शेपटीच्या बाजूनं आला आणि अलगद उतरला. आता जीव त्याचा होता ना.

वारा: पडलेला.

"मालक, तुमी फेरा मारला म्हून मी मेंढरं तिकडं नेली," मल्हारी म्हणाला. त्याच्या धोतराला रक्त होतं.

"मल्हारी, मेंढरंच ती. पळणारच. उगं बाऊ करू नको."

बानूबाई बजरंगशी बोलल्या नाहीत. नवऱ्याकडे तोंड करून, पण बजरंगला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "प्वाटात लेकरू घिऊन एकदा तारंवर पळून बघा म्हनावं."

बजरंगनं मोबाइल काढला आणि विमानाला काही लागलंय का म्हणून चाकाचा फोटो घेतला.

पुढच्या आठवड्यात मेंढ्या एकामागून एक गाभडल्या. वेळेआधीची, ओली, न हललेली कोकरं. बानूबाई ती माळाच्या कडेला पुरत गेल्या. रविवारी बजरंगचा निरोप आला: मेंढरं धावपट्टीच्या आसपास नकोत, विमानाला धोका आहे.

माळ सोडून जाताना बानूबाईंनी विळा घेतला आणि मल्हारीला खांबाकडे ढकललं. "ही बाही उतरवा. हिनंच आपल्याला फसवलं."

"हिनं न्हाई," मल्हारी म्हणाला. "ही खरंच सांगायली व्हती. मी वाचलं बी खरंच."

त्यानं मला खाली उतरवलं आणि बानूबाईंनी विळा बाजूला ठेवला. मग मला मांडीवर घेऊन शेपटी शिवायला बसल्या. कळप चालत असताना नवी कोकरं पिशवीत घालून तट्टावर नेतात. त्यासाठी मी. आत एक कोकरू आलं, काळ्या तोंडाचं, न गाभडलेल्या एकाच मेंढीचं. पहिल्यांदाच माझ्यात वाऱ्याऐवजी ऊब भरली. मी त्याला घेऊन पाच दिवस चालले. सहाव्या दिवशी ते हललं नाही; बानूबाईंनी मला उलटी करून धुतलं.

वारा: उगवतीचा. आत येतो, थांबतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी काहीतरी मागतात. मला शिवू नका, जपू नका, माझं एक काम करा. तो व्हिडिओ पुष्कळ लोकांनी पाहिला आहे. खाली हसरे चेहरे आहेत, बदाम आहेत, 'काय नजारा' असं लिहिलेलं आहे. बबिता तो अजून काढून बघते आणि बंद करते. तुमच्यासमोर आला तर सूर्याकडे बघू नका. मेंढ्यांकडेही बघू नका. डाव्या कोपऱ्यात बघा. दोन श्वास मी तिथे दिसते, खांबावर, भरलेली, आडवी. माझी शेपटी कुठे आहे ते बघा, आणि विमान कुठून येतंय ते बघा.

ते तिकडून का आलं, हे आजवर कुणी विचारलं नाही.