परतीचा पाइप

फिटर पोटावर पडून युनिटखालचा नट आवळत होता, तेवढ्यात डोक्यावर भोंगा वाजला. त्याने दचकून मान वळवली आणि त्याला तो बूट दिसला. काळा, चकचकीत, नुकताच पॉलिश केलेला. आणि त्याच्याखाली, साच्यातून परत येणाऱ्या पाण्याचा रबरी पाइप चपटा झालेला.

बूट साहेबांचा होता.

प्लॅस्टिकची झाकणं बनवणाऱ्या साच्याला हे युनिट ठरावीक तापमानाचं पाणी पुरवायचं. पाणी कुठे अडलं की भोंगा वाजवून बंद पडायचं, आणि मग झाकणं सुरकुतलेली निघायची. आठवडाभर फिटरने त्याच्यापायी जिवाचं रान केलं होतं. पंप उघडला, गाळणी धुतली, सेन्सर बदलला. दर वेळी युनिट गुण्यागोविंदाने चालू व्हायचं आणि साहेब बघायला आले की मान टाकायचं. साहेबांना पॅनेलवरचे आकडे दुरून दिसत नसत, आणि खिशातला चष्मा ते चारचौघांत काढत नसत. म्हणून ते अगदी जवळ येऊन, नाक लावून वाचत.

“उद्या झाकणं घेणारी पार्टी येतेय,” साहेब वरून म्हणाले. “त्यांच्यासमोर हे थांबलं, तर तू स्टोअरमध्ये बस बोल्ट मोजत. युनिटला मी बाहेरचा माणूस आणतो.”

“साहेब...”

“काय?”

साहेब त्याच्या बायकोचे थोरले भाऊ. घरी ते त्याला ‘अहो भाऊजी’ म्हणत आणि कारखान्यात ‘अरे फिटर’. या घडीला तो पूर्णपणे फिटर होता, तोही पालथा पडलेला, आणि बाजूला ऑपरेटर कान टवकारून उभे होते. पाय काढा, एवढंच म्हणायचं होतं. त्याने पाना पुन्हा नटावर चढवला.

“काही नाही. बघतो.”

पाइप दुसरीकडून न्यावा तर लांबी पुरत नव्हती. दुपारी त्याने जाड पत्रा वाकवून पाइपवर आच्छादन घातलं आणि स्वतःवरच खूश झाला. तासाभराने साहेब आले आणि त्या पत्र्याला अडखळले.

“ही अडगळ कुणी टाकली इथे? पार्टी येणार उद्या. उचला आधी.”

पत्रा उचलला गेला. साहेब नेमके तिथेच उभे राहिले आणि आकडे वाचायला वाकले. भोंगा वाजला.

“बघ,” साहेब म्हणाले. “काय केलंस दिवसभर?”

संध्याकाळी ताटावर बसल्यावर फिटरने बायकोला सगळं सांगितलं. ती आधी पोट धरून हसली आणि मग एकदम गंभीर झाली.

“दादाला तोंडावर काही बोलू नका हं. वर्षभर फुगून बसेल.”

“मग मी स्टोअरमध्ये जाऊ? वीस वर्षं या मशिनांत काढली मी.”

“जेवा आधी,” ती म्हणाली आणि भाजी वाढून फोन घेऊन आत गेली. फिटरला राग आला. आपला जीव जातोय आणि हिला गप्पा सुचतायत, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी पार्टीचे दोघे साहेबांबरोबर आत आले, तेव्हा फिटर युनिटशेजारी हात पाठीमागे बांधून उभा होता. साहेबांचा बूट पुढे येत होता. पाइपपासून हातभर अंतरावर तो थांबला.

साहेबांनी खिशातून चष्मा काढला, पुसला आणि नाकावर चढवला.

“ऐंशी,” त्यांनी लांबूनच वाचलं. मग पाहुण्यांना म्हणाले, “जरा जपून. खाली पाइप आहे.” आणि डबकं ओलांडावं तसा पाय उचलून ते पलीकडे गेले.

युनिट चालू राहिलं. झाकणं गुळगुळीत पडत राहिली. पाहुणे ती उलटसुलट करून बघण्यात गुंतले, तसे साहेब मागे सरकत फिटरच्या कानाशी आले.

“भाऊजी,” ते खालच्या आवाजात म्हणाले, “माझ्या बहिणीला सांगा, चष्मा लावला मी. आता आईला काही कळवू नकोस म्हणावं.”

फिटरने मान डोलावली आणि घाईने खाली वाकून, घट्टच असलेला नट पुन्हा आवळायला घेतला.