अठरा पंचे ऐंशी

"सादत, अठरा पंचे किती?"

"नव्वद. डोकं फिरलंय का तुझं?" ती हसली. तिचा चहा पिऊन झाला होता.

"मग तुझ्या तिन्ही पोरांनी ऐंशी कसे लिहिले?"

तिचं हसू गेलं. आमच्या नारीन गावातल्या शाळेत, तालुक्याच्या रसायन स्पर्धेचे पेपर तपासायला आम्ही दोघी समोरासमोर बसलो होतो. पेपर मीच काढला होता, गेली अकरा वर्षं मीच काढते. चौथं गणित साधं होतं: पंचवीस ग्रॅम मोरचुदात पाणी किती? मोरचुदात पाण्याचे पाच रेणू असतात, एकाचं वजन अठरा. म्हणजे पाण्याचे नव्वद, सगळे मिळून अडीचशे. उत्तर नऊ ग्रॅम. सादतच्या नव्या शाळेच्या तीन पोरांनी मात्र पानावर नेहमीची उभी रेघ मारून, डावीकडे 'दिलेलं' लिहून, उजवीकडे ऐंशी आणि दोनशे चाळीस मांडले होते. उत्तर आठ पूर्णांक तेहेतीस. बाकी चारही गणितं बिनचूक.

तो ऐंशी माझा होता. गणितं सोडवलेल्या कच्च्या कागदावर घाईत मीच तसं लिहिलं होतं. पक्का पेपर करताना चूक सापडली, दुरुस्त केली. पण तोवर कच्चा कागद सादतने पाहिला होता, माझ्या स्वयंपाकघरात, मी तळलेले गरम बोरसोक खात. पेपर कोणाला दाखवायचा नसतो, हे मला ठाऊक नव्हतं का? पण सादत म्हणजे 'कोणी' का? बावीस वर्षं एका शाळेत शिकवलं आम्ही. माझ्या नवऱ्याच्या आजारपणात तिने माझे वर्ग घेतले होते. मीच म्हटलं होतं, "बघ गं, कुठे चुकलंय का." ती म्हणाली होती, "छान जमलंय."

"फोटो काढलास ना?"

तिने रिकामा कप उगाच फिरवला.

"बोल की! मी चहा ओतायला उठले तेव्हा?"

"बुरुल, हळू बोल. आमचा मुख्याध्यापक म्हणाला, यंदा आपलं पोर बिश्केकला गेलं नाही तर दुसरी बाई बघतो. तुला काय, दोन वर्षांनी पेन्शन."

"आणि माझी जायनागुल?"

जायनागुल मेंढपाळाची पोर. थंडीत सात किलोमीटर चालत येते. पहिला येईल त्यालाच राजधानीत, बिश्केकच्या मोठ्या स्पर्धेला पाठवतात, तिथे नंबर लागला की डॉक्टरकीला फुकट प्रवेश. सगळं स्वतःच्या डोक्याने सोडवून ती दोन गुणांनी मागे होती.

"पुढच्या वर्षी जाईल ती," सादत म्हणाली.

"पुढच्या वर्षी ती शाळेतच नसेल. अकरावीत आहे, शेवटचं वर्ष."

"मग काय करतेस? सांगशील? कागद कोणी दाखवला विचारलं तर? तूही बुडशील, बये."

राग होता, पण खरं सांगायचं तर रडूच जास्त येत होतं. निदान तिने चूक तरी बघायची होती! माझं गणित न वाचताच छान म्हणाली मेली.

मी तिन्ही पेपर उचलले आणि शेजारच्या खोलीत समितीच्या केनेश सरांपुढे ठेवले. "पेपर फुटला. मी दाखवला होता," म्हटलं. कोणाला, तेही सांगितलं. सरांनी बराच वेळ टक्कल चोळलं. मग त्यांनी ठरवलं: सोमवारी नवा पेपर, तो दुसरं कोणी काढेल, सगळी मुलं पुन्हा बसतील. "बुरुलबाई, यापुढे तुम्हाला पेपर काढायला देता येणार नाही."

"समजलं," मी म्हटलं.

जायनागुल बाहेर बाकावर टोपी हातात घेऊन बसली होती. सोमवारच्या पेपरचं मी तिला सांगितलं. "बाई, पुन्हा का? मी कुठे चुकले?"

"तू नाही गं. मी चुकले. घरी जा, मोरचूद पुन्हा एकदा करून ठेव."

पायऱ्यांवर बर्फ गोठलं होतं. अशा दिवसांत सादत आणि मी एकमेकींचा दंड धरून घरी जायचो, पडलो तर दोघी पडू म्हणत. ती दाराशी कोट घालून थांबली होती. सवयीने असेल, कोपर जरासं पुढे केलेलं होतं.

मी कठड्याला धरून एक एक पायरी उतरले.