एक मिनिट गप्प बसा

लोसानाला पहिल्यापासूनच त्या बाईचा संशय आला होता. घरं टेकडीवर, माणसं टेकडीवर, आणि बातमीवाल्या क्लेअरला मुलाखत हवी खाली, समुद्रानं गिळलेल्या जुन्या गावात!

"आम्ही तिथे राहत नाही म्हणावं तिला," लोसाना म्हणाली.

"तिथे चित्र चांगलं येतं, मावशी," राजधानी सुवाहून आलेला दुभाष्या सेमी म्हणाला.

"चित्र चांगलं येतं म्हणे! उद्या म्हणाल, बुडून दाखवा."

तरी ती उतरली. टेकडी इलाइसाच्या कुळाची. गाव बुडालं तेव्हा त्यानं नुसत्या शब्दावर लोसानाच्या गावकऱ्यांना जमीन दिली, आणि आता लोसानाच्या मुलाच्या घरालाही जागा देणार होता. त्याचं नाव जगानं ऐकावं, एवढीच तिची हौस. पडक्या उंबऱ्यावर बसून तिनं सगळं सांगितलं: इलाइसाची जमीन, पहिल्या वर्षी खायला त्याच्याच मळ्यातले तारोचे कंद. क्लेअर सारखी मान डोलवत होती. एवढी मान कुणी डोलवतं का? लोसानाच्या मनात पाल चुकचुकली.

"आता एक मिनिट गप्प बसा, नुसतं चित्र घ्यायचंय," सेमी म्हणाला. पाहुण्यांसमोर बसतात तशी ती मान खाली घालून बसली.

बातमी लागली तेव्हा अख्खं गाव सभाघरात होतं, इलाइसा सगळ्यांच्या पुढे. पडद्यावर लोसाना, मान खाली, तोंडातून शब्द नाही. वरून क्लेअरचा आवाज: "या लोकांना कुणीही थारा दिला नाही." सेमीनं तेही इमानानं भाषांतर करून दिलं होतं, मेल्यानं! इलाइसानं हातातली यांगोना पेयाची वाटी न पिताच खाली ठेवली आणि तो उठून गेला.

माफी मागताना रीतीनं द्यायचा देवमाशाचा दात घेऊन लोसाना त्याच्याकडे धावली. नेहमीसारखी मागच्या दारानं, चुलीजवळून आत शिरली.

"दादा, मी तुमचं नाव घेतलं होतं हो! कापलं त्यांनी!"

"घेतलं असशील. पण ती बोलत होती तेव्हा तू मान खाली घालून बसलीस. आपल्यात याला काय म्हणतात?"

होकार म्हणतात. शेंबड्या पोरालाही कळतं.

"तो आवाज मागून घातलाय, दादा. शपथ!"

"असेलही." मग त्यानं दात हातात घेतला. "पोराला घर बांधू दे. दिलेला शब्द मी फिरवत नाही."

लोसानाला रडूच फुटलं. डोळे पुसत ती चुलीकडच्या दाराला वळली.

"आणि लोसाना," तो म्हणाला, "यापुढे आलीस की पुढच्या दाराशी थांबून हाक मारत जा. पाहुणे मारतात तशी."