ओसाकाचे निम्मे भाडे

होड्या पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हाच होडी हाकणाऱ्या तांडेलाने परदेशी जावे, हा विचार सरळ होता. परंतु नेहमीच्या विमानाचे भाडे घिवलीच्या मच्छीमार सोसायटीला झेपणारे नव्हते. चिटणीस पंढरीने दुसरी वाट शोधून काढली. निरनिराळ्या बंदरांच्या मच्छीमारांनी मिळून एक अख्खे विमान ठरवले होते. कलकत्ता, हाँगकाँग करीत ते ओसाकाला जाणार, भाडे निम्मे. नायलॉनची जाळी तिथे कशी विणतात, ते पुंडलिक तांडेलाने पाहून यायचे. मात्र विमान आश्विनात, ऐन हंगामात निघणार होते.

"होडी कोन नेल?" पुंडलिकाने बायकोला विचारले.

"म्हादू हाय ना," जमना म्हणाली.

महादू त्याचा धाकटा भाऊ. मिसरूड फुटल्यापासून तो होडीवर होता. पण सुकाणूला त्याचा हात पुंडलिकाने कधी लागू दिला नव्हता.

"त्याला खडक ठावं नाय."

"तुमी दावलं कदी? इमानातपन सुकानू मागाल, आनि कलकत्त्याला उतरवून देतील तुमाला."

पंढरीला संध्याकाळपर्यंत होकार हवा होता. नाहीतर जागा दुसऱ्या गावाला जाणार होती.

त्या दिवशी समुद्रावरून परतताना पुंडलिकाने सुकाणू महादूच्या हाती दिले आणि स्वतः होडीच्या पुढच्या टोकाशी जाऊन बसला. वारा, खोली, भरती यांचा हिशेब नसलेला समुद्र त्याने आयुष्यात प्रथमच पाहिला. पाण्यात आकाश इतके खोल उतरले होते, की होडी ढगांवरून चालल्यासारखी वाटत होती. तारापूरच्या अणुवीजकेंद्राच्या बांधकामावर एकेक दिवा लागू लागला. ओसाकाही असेच दुरून उजळत येत असेल काय?

खडक जवळ आले. त्याच्या ओठांशी हाक आली; ती त्याने गिळली. होडी अलगद वळली. नंतरचे त्याला आठवत नाही. पाण्यावर कधीही न झोपलेला तांडेल झोपी गेला होता.

होडीचा तळ वाळूला लागला.

"काय झालं रं त्यांना?" किनाऱ्यावरून जमनेचा घाबरा आवाज आला.

"काय नाय, वयनी. झोपलाय दादा."

ती पाण्यात उतरून होडीत डोकावली. मग शेजारी उभ्या असलेल्या चिटणिसाला म्हणाली, "पंढरी, घाल त्यांचं नाव."

पुंडलिकाने ते ऐकले, पण डोळे उघडले नाहीत. हाँगकाँग अजून यायचे होते.