वळूच्या मापानं

"यांच्यात बीज आहे," कागद वाचून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कमी आहे, हालचालही मंद आहे. पण आहे."

माझे यजमान शिवमूर्ती मान खाली घालून बसले होते. त्यांनी वर बघितलं.

"न्हाई बाई. माझं मी बघितलंय. काई दम न्हाई त्यात."

"कुठं बघितलंत?"

"आमच्या दवाखान्यात. गुरांच्या."

उदगीरच्या गुरांच्या दवाखान्यात ते शिपाई होते. देवणी जातीच्या वळूचं बीज गाईला देण्याआधी तिथं सूक्ष्मदर्शकाखाली बघत. चांगल्या वळूचा थेंब आभाळ भरून यावं तसा घुसळून निघत असतो, हे त्यांनीच मला कौतुकानं सांगितलं होतं. थेंब घुसळून निघत नसेल, तर तो वळू बाद.

"अहो, वळूचं बीज माणसापेक्षा कितीतरी दाट असतं," बाई म्हणाल्या. "धडधाकट माणसाचंही त्याच्यापुढं पाण्यासारखंच दिसणार. कधी बघितलंत हे?"

"लग्नाला दोन-तीन वर्सं झाल्ती तवा."

म्हणजे खोट आपल्यातच आहे, असं हे तेव्हापासून धरून होते. त्यानंतर मी अंगारे खाल्ले, पोटावर डागण्या घेतल्या. गल्लीतल्या ओटीभरणाला मला कुणी बोलावलं नाही. सासूबाई, धुरपताबाई, दर वर्षी म्हणायच्या, "औंदा दुसरी करू." आणि हे दर वर्षी नाही म्हणायचे. माझा माणूस लाखात एक, असं मी माहेरी सांगत आले.

बाई त्यांना समजावत होत्या. एका तपासणीवर काही ठरत नाही. खाली शिरा फुगल्यात, त्याचं लहानसं ऑपरेशन होतं. तंबाखू बंद करा. नवं बीज तयार व्हायला तीनेक महिने लागतात, तेव्हा पुन्हा तपासू. "सुधारण्यासारखं आहे," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "तुमची पाळी?"

"वर्ष झालं, येतच नाही."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "फार आधी यायला हवं होतं हो."

लातूर नुकता जिल्हा झाला होता. स्टँडवर नव्या पाट्या आणि जिकडंतिकडं रिकाम्या घागरी. एसटी सुटल्यावर मी विचारलं, "मग दुसरी का केली नाहीत?"

खिडकीबाहेर बघतच ते म्हणाले,

"तिलाबी काई झालं न्हसतं. मग समद्यांला कळलं असतं."

घरी सासूबाई उंबऱ्यातच होत्या. त्या दुष्काळात पोरींचे बाप बिजवरालाही हो म्हणत होते. देवणी गावाकडचे चंद्रप्पा आपली मुलगी द्यायला तयार होते, आणि सासूबाईंनी त्यांना निरोपासाठी थांबवून ठेवलं होतं.

"काय म्हणली डॉक्टरीण?"

"माझ्यात खोट न्हाई म्हणली, अव्वा," हे म्हणाले. तांब्या भरून घेतला आणि अंगणात पाय धुवायला गेले.

"मी म्हणतच हुते की. हिचंच हाय," सासूबाई म्हणाल्या. "मग चंद्रप्पाला काय सांगू? का औंदाबी न्हाईच?"

मी दारात उभी होते. अंगणात यांची पाठ माझ्याकडं होती. टँकर येऊन चार दिवस झाले होते, आणि ते पायांवर पाणी ओततच होते.

"आरं पुरं की. किती धुशील? सांग, काय सांगू?"

"ये म्हण त्येला," ते म्हणाले.

मी पुढं झाले, त्यांच्या हातातला तांब्या घेतला आणि उरलेलं पाणी घागरीत परत ओतलं.