उलटी वजाबाकी

सकाळी रंगाच्या कारखान्यात स्फोट झाला आणि दुपारपर्यंत नगरपालिकेच्या सभागृहात पाय ठेवायला जागा उरली नाही. दाराजवळच्या टेबलावर हरवलेल्यांची नोंद चालली होती. नातेवाईक यायचे, नाव, वय, पत्ता सांगायचे आणि भिंतीला टेकून बसायचे. तिकडे दवाखान्यांतून सापडलेल्यांच्या याद्या येत होत्या. या सगळ्याचा मेळ घालायला संगणक विभागातल्या प्रोग्रामर बाईंना बोलावलं होतं.

बाई कामाला वाघ. असल्या कामाच्या मेथड, म्हणजे संगणकाने पाळायच्या तयार सूचना, त्यांनी पूर्वीच लिहून ठेवल्या होत्या. दोन याद्या एकत्र करणारी एक, दोन्हींत असलेले तेवढेच निवडणारी एक, आणि पहिलीतून दुसरी वजा करणारी एक. दोन नोंदी एकाच माणसाच्या कधी मानायच्या, तेही त्यांनीच ठरवलं होतं: नाव, वडिलांचं नाव आणि वय जुळलं की माणूस तोच. संगणक बिचारा सांगकाम्या, त्याला तेवढं पुरतं.

पण खुर्चीत बसल्या बसल्या बाईंनी आधी एक स्वतःचं काम उरकून घेतलं. हरवलेल्यांच्या यादीत धाकट्या भावाचं नाव शोधलं. तो त्याच भागात कुठेतरी टेम्पो चालवतो, एवढंच त्यांच्या कानावर होतं. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात तो घराकडे फिरकला नाही. सगळं आटोपल्यावर दारात येऊन उभा राहिला, तेव्हा "तू मला मेलास" म्हणून बाईंनी त्याच्या तोंडावर दार लावलं होतं. नंतर त्याने फोन केले, ते यांनी उचलले नाहीत. यादीत त्याचं नाव नव्हतं. बाईंचा जीव भांड्यात पडला आणि त्या कामाला लागल्या.

"बाई, अजून कोणाकोणाचा पत्ता नाही ते सांगा लवकर," साहेबांनी लांबूनच हाक मारली. "शोधपथकवाले खोळंबलेत."

घाई नडली. हरवलेल्यांतून सापडलेले वजा करायचे, तर बाईंनी सापडलेल्यांतून हरवलेले वजा केले. सांगकाम्याने मुकाट्याने उत्तर दिलं. पडद्यावर मोजकीच नावं आली.

नोंदणीच्या टेबलावरच्या काकू नवे कागद घेऊन आल्या होत्या, त्यांनी वाकून पाहिलं. "ही सगळी दवाखान्यातली ना? मग यांची माणसं कुठायत?"

"यांना शोधायला कोणी आलेलंच नाही," बाई म्हणाल्या. "माझंच उलटं झालं. थांबा, पुसते."

पुसायला उचललेला हात तसाच राहिला. सापडलेल्यांच्या याद्या त्यांनी वाचल्या नव्हत्या, नुसत्या एकत्र केल्या होत्या. आता मधल्या एका ओळीत धाकटा होता. नाव त्याचं, वडिलांचं नाव त्यांच्याच वडिलांचं, वय बरोबर. पाय भाजलेला, शुद्धीवर. कोणाला कळवायचं, या रकान्यात कोणीतरी लिहिलं होतं, "कोणी नाही म्हणतो."

हरवलेल्यांत त्याचं नाव लिहिणार तरी कोण होतं? आई कधीच गेलेली, आता वडीलही नव्हते. उरल्या त्या एकट्या, आणि त्या तर नाव नाही म्हणून निर्धास्त झाल्या होत्या. स्वतःची इतकी लाज बाईंना आयुष्यात वाटली नव्हती.

त्यांनी आधी वजाबाकी सरळ केली आणि उत्तर शोधपथकाला पाठवलं. उलटं उत्तरही पुसलं नाही. "यांच्या घरच्यांना शोधायला कोणालातरी बसवा," असं साहेबांना सांगितलं, आणि उठून दाराजवळच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

"तुम्ही काय रांगेत?" त्यांचा नंबर आला तेव्हा काकू म्हणाल्या.

"नोंद करायचीय. धाकट्या भावाची."

नाव ऐकून काकूंना मघाचा पडदा आठवला. "अहो, पण हा तर सापडलाय. तुम्ही सरळ दवाखान्यात जा ना."

"जातेच आहे. पण त्याला शोधायला कोणीतरी आलं होतं, हे आधी लिहा."

काकूंनी एकवार त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि पेन उचललं. "नातं?"

"मोठी बहीण."

"त्याचा राहण्याचा पत्ता?"

तो बाईंना ठाऊक नव्हता. त्यांनी आपल्या घराचा पत्ता सांगितला, आणि काकूंना नीट लिहिता यावा म्हणून पुन्हा एकदा सावकाश सांगितला.