उन्हाच्या पाण्याचा बर्फ

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे, पण रस्ता काही मला ठाऊक नाही. माझं सगळं आयुष्य अबुधाबीतल्या एका बर्फाच्या मैदानावर गेलं. मुलं आईस हॉकी खेळून गेली की बर्फावर ओरखडे उरतात. मी ते खरवडते, वर गरम पाण्याचा पातळ थर सोडते, आणि मैदान पुन्हा आरशासारखं होतं. पाणी गरमच लागतं बरं का. ते ओरखड्यांत मुरतं आणि घट्ट गोठतं. गार पाण्याचा बर्फ पांढुरका आणि ठिसूळ होतो.

माझा जन्म थंड मुलखातला, पण मीठ इथलं खाल्लं. इथे मुलांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली, तेव्हा चारच संघ होते. यजमानांकडे गोलरक्षकाचे पॅड एकच, ते आळीपाळीने घालायचे. आता चौदा संघ येतात. दूरदेशची मुलं विमानतळावरून घामाघूम होऊन येतात आणि बर्फ पाहून हसत सुटतात. पहिल्या वर्षी प्रत्येक संघाने माझ्याबरोबर फोटो काढला. पुढे माझ्या अंगावर जाहिराती चिकटल्या, पत्रा गंजला, फोटो थांबले. संयोजक शैलेंद्रकाका तेवढे सकाळी माझ्या पायरीवर बसून मोबाईलवर कीर्तन ऐकत. बुवा एकच चरण घोळवून घोळवून गात, तशी मी तीच वाट पुन्हा पुन्हा फिरे. वाटे, आपलीही सेवा कुठेतरी रुजू होत असेल.

यंदाच्या मे महिन्यात यजमान संघ पहिल्यांदाच अंतिम सामन्यात पोचला. गोलवर होती मूळच्या वसईच्या, आता इथेच राहणाऱ्या इनेजबाईंची मुलगी लॅरिसा. स्पर्धा चौदा वर्षांखालच्या मुलांची, आणि तिला पुढच्या महिन्यात चौदा पूर्ण होणार. म्हणजे हाच तिचा शेवटचा सामना.

आणि नेमका त्या सामन्याच्याच दुपारी पाणी तापवणारा बॉयलर बंद पडला. महिनाभर तो गुरगुरत होता. माझा चालक शौकत दोनदा सांगूनही आला होता. शैलेंद्रकाका म्हणाले होते, स्पर्धा उरकू दे, मग बघू. आता गार पाण्यावर फेरी मारली, तर बर्फाचे टवके निघू लागले. पंचांनी नकारार्थी मान हलवली. पाहुण्यांचं विमान संध्याकाळचं. सामना झाला नाही, तर स्पर्धेत जास्त गोल केलेल्या पाहुण्यांना करंडक जाणार होता.

शैलेंद्रकाका खाली मान घालून म्हणाले, आपल्या मुलांना रौप्यपदक तरी मिळेल. लॅरिसा पॅडचे पट्टे सोडत होती. ती आईला म्हणाली, "मम्मा, आय डोन्ट वॉन्ट अ मेडल. आय वॉन्ट टू प्ले."

इनेजबाई शौकतकडे वळल्या. "खलिफा सिटीत आमच्या घरी मे महिन्यात गच्चीवरची टाकी इतकी तापते की साध्या नळाखाली हात धरवत नाही. गार पाणी हवं म्हणून आम्ही घरातला गीझर बंद ठेवून त्यात निवलेलं घेतो. आणि तुम्ही म्हणता, गरम पाणी नाही?"

शौकत कपाळावर हात मारून हसला. "मॅडम, बारह साल से इसी धूप को गाली दे रहा हूँ. यल्ला, चलो!"

त्याने मागचं दार उघडून मला बाहेर काढलं. मित्रांनो, तेव्हा मी पहिल्यांदा ऊन पाहिलं. गच्चीवरच्या टाकीचा नळ भिंतीला होता. त्याचं पाणी माझ्या पोटात पडलं, तेव्हा पत्रा पोळला. ज्या सूर्याला मी जन्मभर बर्फाचा वैरी समजत आले, त्याचंच पाणी घेऊन मी आत गेले. शौकतने मला अगदी सावकाश फिरवलं. पंचांनी बर्फावर टाच घासून पाहिली आणि शिट्टी वाजवली.

यजमान शेवटच्या मिनिटाला एका गोलने हरले.

सामना संपल्यावर माझी फेरी असते, तेव्हा एरवी सगळे निघून गेलेले असतात. त्या दिवशी दोन्ही संघ काचेला नाक लावून उभे होते. लॅरिसा रडत होती, आणि रडता रडता शौकतला हात करत होती. शैलेंद्रकाका दारात उभे होते. मी थांबले तसे ते शौकतला म्हणाले, "चुकलं माझं. चल, दाखव तो बॉयलर."

मित्रांनो, आम्हा यंत्रांना बोलता येत नाही, नुसतं कुरकुरता येतं. ती कुरकुर ओळखणारा एखादा माणूस तुमच्या शाळेत, तुमच्या इमारतीत असतोच. त्याचं नाव विचारून ठेवा. तो काही सांगायला आला, तर उठा आणि त्याच्याबरोबर जा.